एम.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश: फॉर्म निघायच्या वर्षभर आधीपासून काय करायचं

दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की सोलापुरातल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींचे तेच प्रश्न सुरू होतात. अनुभव कुठून मोजायचा, रजिस्ट्रेशन रिन्यू नसेल तर चालेल का, चोपन्न टक्क्यांवर काही होतं का. तोवर उशीर झालेला असतो, कारण या प्रश्नांची उत्तरं फॉर्म भरताना नव्हे, त्याच्या वर्षभर आधी ठरलेली असतात. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशात परीक्षेपेक्षा कागदांवर जास्त जण बाद होतात. आणि कागदांत तीन तारखांवर सगळं येऊन थांबतं: निकालाची, परिचर्या (नर्सिंग) परिषदेच्या नोंदणीची आणि नोकरीत रुजू झाल्याची. या तीन तारखा याच क्रमाने लागल्या पाहिजेत. खालचे टप्पेही त्याच क्रमाने लिहिलेत, मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: आधी स्वतःची पात्रता कागदावर मांडा

भारतीय परिचर्या परिषदेने देशभरासाठी घातलेल्या अटी थोड्या आहेत, पण लोक त्या अर्धवट वाचतात. उमेदवार नोंदणीकृत नर्स आणि नोंदणीकृत मिडवाइफ असायला हवा. बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग मान्यताप्राप्त संस्थेतून झालेलं हवं, आणि त्यात एकूण किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना गुणांत ५ टक्क्यांची सूट दिली जाते. वर एक वर्षाचा कामाचा अनुभव हवा. बेसिक बी.एस्सी. केलेल्यांचा अनुभव पदवीनंतरचाच धरतात. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून पुढे पोस्ट बेसिक केलेल्यांना मात्र तो पोस्ट बेसिकच्या आधीचा असला तरी चालतो. हा फरक अनेकांना माहीतच नसतो. त्यामुळे जीएनएमनंतर पाच वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टरही पोस्ट बेसिक झाल्यावर उगाच आणखी एक वर्ष थांबून राहतात.

आता टक्केवारी. इथे सर्रास चुकीचं गणित होतं. चार वर्षांच्या चार टक्केवाऱ्यांची बेरीज करून चाराने भागायचं नसतं. मिळालेले सगळे गुण एकत्र, एकूण गुण एकत्र, आणि मग टक्केवारी. उदाहरणादाखल असं धरा:

पहिलं वर्ष ८०० पैकी ४८०, म्हणजे ६० टक्के.
दुसरं वर्ष ७०० पैकी ४०६, म्हणजे ५८ टक्के.
तिसरं वर्ष ९०० पैकी ४८६, म्हणजे ५४ टक्के.
चौथं वर्ष १००० पैकी ४९०, म्हणजे ४९ टक्के.

चार टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर ५५.२५ येते आणि माणूस निर्धास्त होतो. पण खरे एकूण गुण ३४०० पैकी १८६२, म्हणजे ५४.७६ टक्के. खुल्या प्रवर्गातला हा उमेदवार अपात्र आहे. आणि ५४.७६ ला कोणी ५५ धरत नाही.

सेमिस्टर पद्धतीने बी.एस्सी. झालेल्यांच्या हातात ग्रेड पॉइंट असतात. त्यांनी टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र विद्यापीठाकडून किंवा कॉलेजमार्फत आधीच मागून ठेवावं. घरी मोबाइलवर काढलेला आकडा पडताळणीच्या टेबलावर कोणी मानत नाही.

तपासा: सगळ्या वर्षांच्या मूळ गुणपत्रिका समोर आहेत का? पुनर्मूल्यांकनात गुण बदलले असतील तर सुधारित गुणपत्रिका हातात आहे का? एखाद्या विषयात एटीकेटी होती का? असेल तर कॉलेजकडून प्रयत्न प्रमाणपत्र लागू शकतं.

टप्पा २: परिषदेची नोंदणी

निकाल लागला की पहिलं काम नोंदणीचं, नोकरीचं नंतर. महाराष्ट्रात ही नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. अनेक जण निकाल लागताच एखाद्या खासगी दवाखान्यात रुजू होतात आणि नोंदणीचं "बघू नंतर" म्हणतात. मग अनुभव मोजायची वेळ आली की नोंदणीआधीचे महिने हातातून जातात. नोंदणी नसताना नर्स म्हणून काम करणं मुळातच नियमाला धरून नाही, त्यामुळे त्या महिन्यांसाठी वाद घालायलाही जागा उरत नाही.

समजा निकाल ऑगस्टमध्ये लागला, रुजू सप्टेंबरमध्ये झालात आणि नोंदणी डिसेंबरमध्ये मिळाली. पुढच्या ऑगस्टमध्ये फॉर्म भरताना तुम्ही अकरा-बारा महिने धरून बसलेले असता. पडताळणी करणारा माणूस मात्र डिसेंबरपासून मोजतो आणि हाती येतात आठ महिने.

पोस्ट बेसिक केलेल्यांची चूक वेगळी. जीएनएमची नोंदणी आहे म्हणून ते निवांत असतात, पण पोस्ट बेसिक ही वाढीव पात्रता परिषदेकडे वेगळी नोंदवावी लागते. तेही याच टप्प्यात उरकून घ्या.

जुनी नोंदणी असेल तर नूतनीकरणाची तारीख पाहा. नूतनीकरणाला निरंतर परिचर्या शिक्षणाचे म्हणजे सीएनईचे क्रेडिट लागतात, आणि ते शेवटच्या आठवड्यात गोळा होत नाहीत. वर्षभर सोलापुरात कुठे ना कुठे कार्यशाळा होत असतातच, तेव्हा जात राहा. कर्नाटकातून शिकून आलेल्यांनी तिथल्या परिषदेची नोंदणी इकडे वर्ग करून घ्यायची असते. त्यात दोन परिषदांचा पत्रव्यवहार आला, म्हणजे वेळ आलाच.

सावधान: लग्नानंतर नाव बदललेल्या सिस्टरांनी इथे थांबून एकदा पाहावं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, परिषदेच्या दाखल्यावर माहेरचंच, आधारवर सासरचं आणि अनुभवाच्या दाखल्यावर हॉस्पिटलने घातलेलं तिसरंच काहीतरी, अशी फाइल दर वर्षी दिसते. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र तयार ठेवा, किंवा सगळी कागदपत्रं एकाच नावावर आणा. माझं मत विचाराल तर शिक्षणाच्या कागदांवर शाळेतलंच नाव ठेवणं सगळ्यात कमी त्रासाचं.

टप्पा ३: अनुभवाचा दाखला

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

कशाचा अनुभव धरतात हे आधी नीट समजून घ्या. बी.एस्सी.च्या शेवटच्या टप्प्यातली इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, तो कामाचा अनुभव नव्हे. शिकताना रात्रपाळीला एखाद्या नर्सिंग होममध्ये केलेलं कामही नव्हे. अनुभव म्हणजे पदवी (पोस्ट बेसिकवाल्यांना जीएनएम) हातात आल्यावर, नोंदणी झाल्यावर, पगारी आणि पूर्णवेळ केलेलं काम. वॉर्डातल्या कामावर कोणी बोट ठेवत नाही. नर्सिंग शाळेत ट्यूटर म्हणून केलेलं काम दाखवायचं असेल तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतलं अनुभवाचं कलम शब्दन् शब्द वाचूनच त्यावर भरवसा ठेवा.

दाखला कसा असावा? हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह. त्यात तुमचं पूर्ण नाव, पद, परिषदेचा नोंदणी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, शेवटची तारीख किंवा "आजपर्यंत कार्यरत" असा उल्लेख, कामाचा विभाग, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक आणि खाटांची संख्या. खाली सही कोणाची, यालाही महत्त्व आहे. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक किंवा अधिष्ठाता, खासगीत वैद्यकीय संचालक किंवा मालक डॉक्टर. इन्चार्ज सिस्टरने प्रेमाने लिहून दिलेला दाखला वाचायला छान असतो, पडताळणीत तो उपयोगाचा नाही.

"सुमारे दीड वर्ष काम केले" अशी भाषा असलेले दाखले मी पाहिलेत. "सुमारे" या एका शब्दाने दाखला निकामी होतो. दिनांक, महिना, साल, तिन्ही हवेत.

दोन ठिकाणी मिळून वर्ष भरत असेल तर दोन्ही दाखले जोडा आणि मधल्या काळात खंड किती आहे ते आधीच मोजा. सात महिने इथे आणि पाच महिने तिथे, असं कागदावर वर्ष भरतं, पण रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा मोजल्या की अनेकदा आठ-दहा दिवस कमी पडतात. वर्ष नेमकं कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायला हवं हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. त्या तारखेपासून उलटं मोजा.

दाखल्याच्या जोडीला नेमणूक पत्र, पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याचा तपशील ठेवा. मागितलं नाही तर फाइलीतच राहू दे. लहान नर्सिंग होममध्ये पगार रोख देण्याची पद्धत असेल तर पहिल्याच महिन्यात विनंती करून तो खात्यात घ्यायला लागा. वर्षानंतर मागितलेला पुरावा तयार करावा लागतो, आणि तयार केलेला पुरावा ओळखू येतो.

सावधान: न केलेल्या नोकरीचा दाखला पैसे देऊन मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रवेश नियामक प्राधिकरणाच्या छाननीत तो पकडला गेला तर प्रवेश रद्द होतोच, वर परिषदेच्या नोंदणीवर गदा येऊ शकते. एका वर्षासाठी आयुष्यभराचं रजिस्ट्रेशन धोक्यात घालू नका.

टप्पा ४: नोकरीत असाल तर परवानगी

एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. थिअरीला किमान ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकांचे तास तर पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरावे लागतात. "नोकरी करत करत होतं, फक्त परीक्षेला या" असं जिथे सांगतात तिथून उलट्या पावली परत या.

शासकीय सेवेतल्या परिचारिकांना ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधल्या अध्ययन रजेच्या तरतुदींखाली मागावी लागते. किती वर्षांची सेवा झालेली हवी आणि परत आल्यावर किती काळ सेवेचं हमीपत्र द्यायचं, हे आस्थापना शाखेत स्वतः जाऊन विचारा. अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे मेट्रन, अधीक्षक आणि मग वरचं कार्यालय, असाच गेला पाहिजे. प्रत्येक टेबलावर पोच घ्या.

उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणारे बरेच जण बी.एस्सी. नर्सिंगवाले आहेत. त्यांनी आपला करारनामा काढून वाचावा. सेवाकाळाची अट आहे का, मध्येच सोडलं तर काही रक्कम भरायची आहे का, हे त्यातच असतं.

आपल्या जिल्ह्यातली एक अडचण बाहेरच्यांना समजत नाही. आषाढी वारीच्या आसपास अख्खी आरोग्य यंत्रणा पंढरपूरकडे वळते. रजा मिळत नाहीत, सही करणारे साहेब बैठकांत नाहीतर पालखी मार्गावर असतात, आणि महसूल कार्यालयातही तीच गत. वारी जून-जुलैत येते आणि प्रवेशाची धावपळही बहुतेक त्याच सुमारास सुरू होते. म्हणून ना हरकत प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा. उन्हातान्हात दोन हेलपाटे जास्त पडतील, पण जुलैत कोणामागे धावावं लागणार नाही.

टप्पा ५: आरक्षणाचे आणि रहिवासाचे कागद

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्यांदा सांगूनही लोक फक्त पहिला घेऊन येतात. बी.एस्सी.च्या वेळी वैधता काढली असेल तर तीच चालते. नसेल तर जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज आजच करा. वडिलांकडच्या नातेवाइकाची वैधता असेल तर काम हलकं होतं, नसेल तर जुने महसुली आणि शाळेचे पुरावे शोधण्यातच महिने जातात. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते आणि तिथे जास्तच वेळ धरा.

इतर मागासवर्ग, भटक्या जमाती, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) वगैरे प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो. तो त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. मागच्या वर्षी संपलेला दाखला अपलोड करून मोकळे होणारे दर वर्षी निघतात, आणि मग गुणवत्ता यादीत स्वतःचं नाव खुल्या प्रवर्गात पाहून हादरतात. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही त्याच वर्षासाठीचा लागतो.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा या भागातली बरीच मुलं-मुली विजयपूर, कलबुर्गीकडे शिकायला जातात. घर महाराष्ट्रात असलं तरी पदवी कर्नाटकातली असेल, तर राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर पदवी कुठली हवी हे कलम पुस्तिकेत सगळ्यात आधी शोधा.

टप्पा ६: शाखा ठरवा

परिषदेच्या अभ्यासक्रमात मेडिकल सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या पाच शाखा आहेत. जागा शाखेनुसार मोजल्या जातात, म्हणजे एका कॉलेजात "एम.एस्सी. आहे" एवढं कळून काही उपयोग नाही.

ज्या शाखेत प्रवेश घ्याल तिचा शिक्का पुढे शिकवण्याच्या नोकरीत कायम राहतो, म्हणून "मिळेल ती" घेऊ नका. अनुभव आयसीयूत गेला असेल तर मेडिकल सर्जिकल, लेबर रूममध्ये गेला असेल तर प्रसूती, ही सरळ वाट आहे. मानसिक आरोग्य घेणाऱ्यांनी कॉलेजला विचारावं की पोस्टिंग कुठे असतं. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीतच आहेत, तेव्हा काही आठवडे बाहेरगावी काढायची तयारी ठेवा. क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर हा वेगळा, निवासी पद्धतीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याचं कामाचं स्वरूप आणि मंजुरी दोन्ही वेगळी, तो या पाचांत मोजू नका.

टप्पा ७: कॉलेजची चौकशी

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ नर्सिंगची पदवी देत नाही. राज्यातली बहुतेक नर्सिंग महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, उरलेली अभिमत विद्यापीठांची. हा भेद फीच्या टप्प्यावर फार महत्त्वाचा ठरतो.

कॉलेजकडे तीन कागद मागा: राज्य शासनाची मंजुरी, परिचर्या परिषदेची मंजुरी आणि विद्यापीठाचं संलग्नीकरण. तिन्हींवर त्या शाखेचं नाव, प्रवेशक्षमता आणि चालू शैक्षणिक वर्ष दिसलं पाहिजे. "प्रस्ताव पाठवलाय, मंजुरी येतेच आहे" हे उत्तर म्हणजे मंजुरी नाही. त्यानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा.

मग एकदा प्रत्यक्ष जा. संलग्न रुग्णालयात खाटांवर रुग्ण आहेत का, त्या शाखेचे मार्गदर्शक तिथे खरोखर येतात का, की फक्त नावाच्या पाटीवर आहेत, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चहाच्या टपरीवर विचारा. दुसऱ्या वर्षात प्रबंध करायचा असतो. मार्गदर्शक नसेल तर तो रखडतो आणि त्याच्याबरोबर पदवीही.

सावधान: सीमेपलीकडच्या कॉलेजांचे एजंट सोलापुरात भरपूर फिरतात. तिकडे चांगल्या संस्था आहेत, वाद नाही. पण मूळ कागदपत्रं एजंटच्या हातात देऊ नका आणि संस्थेच्या खात्याशिवाय कुठेही पैसे भरू नका. मूळ कागद अडकवून ठेवल्यामुळे दुसरीकडचा मिळालेला प्रवेश सोडावा लागल्याची उदाहरणं इथल्या प्रत्येक वॉर्डात ऐकायला मिळतील.

टप्पा ८: माहितीपुस्तिका, फॉर्म, परीक्षा

महाराष्ट्रातल्या केंद्रीभूत प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचं, म्हणजे सीईटी सेलचं संकेतस्थळ पाहायचं. पद्धत, वेळापत्रक आणि कलमं वर्षागणिक बदलतात. मैत्रिणीने गेल्या वर्षी काय केलं ते ऐकून घ्या, पण फॉर्म भरा तो चालू वर्षाच्या पुस्तिकेवरूनच. गुणवत्ता यादी कशावर लागते, समान गुण असतील तर क्रम कसा, राखीव जागा किती, हे तिथेच लिहिलेलं असतं. पुस्तिका छापून घ्या, हायलायटर मारा. मोबाइलवर वाचून झाल्यासारखं वाटतं, होत नाही.

अभिमत विद्यापीठं आणि एम्सच्या परीक्षा वेगळ्या, फॉर्मही वेगळे. एम्सला गुणांची अट चढी आहे: ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५. सीईटी सेलचा फॉर्म भरला म्हणजे सगळीकडे अर्ज गेला, असं समजणारे अजून आहेत.

परीक्षेचा अभ्यास हा टप्पा मी मुद्दाम लांबवत नाही. बी.एस्सी.चीच पुस्तकं, त्यातही फाउंडेशन, मेडिकल सर्जिकल आणि प्रसूती नीट, आणि ड्यूटीनंतर रोज तासभर बहुपर्यायी प्रश्न. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात वाचन ठरवू नका, होत नाही.

फॉर्मच्या बाबतीत मात्र काही गोष्टी कटाक्षाने पाळा:

१. सायबर कॅफेत फॉर्म भरत असाल तरी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि पसंतीक्रम भरायच्या रात्री त्याचं शटर खाली.
२. नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग सबमिट करण्याआधी दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.
३. स्कॅन मूळ कागदाचा करा, झेरॉक्सचा नको. पाठीमागे मजकूर किंवा शिक्का असेल तर ती बाजूही.
४. फी भरल्यावर अंतिम फॉर्मची पीडीएफ उतरवून घ्या. पैसे गेले म्हणजे फॉर्म गेला असं नाही, "सबमिट" झाल्याचं दिसलं पाहिजे.
५. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. मुदतवाढ मिळतेच, ही समजूत फसवी आहे.

तपासा: अर्ज भरल्यापासून रोज एकदा संकेतस्थळावरच्या सूचना पाहा. कागदपत्रात त्रुटी निघाली तर ती दुरुस्त करायला मोजके दिवस मिळतात आणि त्याचा फोन कोणी करत नाही.

टप्पा ९: पसंतीक्रम आणि फेऱ्या

पसंतीक्रम आपल्या खऱ्या आवडीने भरा, "मला काय मिळेल" या अंदाजाने नव्हे. वरची पसंती मिळाली नाही तर यंत्रणा खालची पाहतेच, त्यामुळे वर मोठं कॉलेज टाकून नुकसान होत नाही. नुकसान होतं ते जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत टाकल्यामुळे. ते मिळालं आणि गेला नाहीत, तर पुढच्या फेरीतला हक्क जाऊ शकतो. जागा मिळाल्यावर ती राखून ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहायची, की तिथेच थांबायचं, याचे नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेतून पाठ करून मगच बटण दाबा.

कॉलेज आणि शाखा हे एकत्र पसंती म्हणून धरा. अमुक कॉलेजात फक्त बालआरोग्य हवं असेल तर तेवढंच टाका.

टप्पा १०: फी

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. त्याहून जास्त मागितलं तर पावती मागा. पावती द्यायला कां-कूं झाली की समजून जा. अभिमत विद्यापीठांची फी या चौकटीत येत नाही.

मुलींसाठी एक मोठी सवलत आहे आणि ती हातची घालवली जाते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळते. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. "कशाला फेऱ्यांच्या भानगडीत पडता, आमच्याकडे थेट जागा आहे" असं कोणी म्हटलं तर दोन वर्षांच्या फीचा हिशेब मांडून मग उत्तर द्या. कॉलेज आणि अभ्यासक्रम महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या यादीत दिसतो का, हेही प्रवेशाआधी पाहा. वसतिगृह, मेस, गणवेश, प्रबंधाची छपाई हे खर्च माफीत धरू नका.

टप्पा ११: कॉलेजात हजर होण्याचा दिवस

मूळ कागदपत्रांची फाइल, झेरॉक्सचे तीन संच आणि सगळ्याचे स्कॅन पेन ड्राइव्हवर. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जीएनएम किंवा बी.एस्सी.च्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी आणि नूतनीकरण, अनुभवाचा दाखला, ना हरकत किंवा कार्यमुक्तीचा आदेश, अधिवास, आरक्षणाचे कागद, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. शिक्षणात किंवा नोकरीत खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर मायग्रेशन.

नागपूर-वर्ध्याकडे कॉलेज मिळालं असेल तर आदल्या दिवशीच पोचा. मुंबईला रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरता येतं आणि पुण्यासाठी पहाटेची हुतात्मा आहे, पण प्रवेशाच्या दिवसांत आरक्षण आयत्या वेळी मिळेल यावर विसंबू नका. फेरीतली हजर होण्याची वेळ संध्याकाळी ठरलेल्या तासाला संपते, गाडी उशिरा आली ही सबब तिथे चालत नाही.

मूळ कागद जमा केल्यावर प्रत्येक कागदाच्या नावानिशी पोच घ्या. "सर्व मूळ कागदपत्रे जमा" एवढीच ओळ असलेली पोच नको. पहिल्या महिन्यातच कॉलेजने विद्यापीठाकडे पात्रतेसाठी आणि प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मान्यतेसाठी तुमचं नाव पाठवलं का, ते कार्यालयात विचारा. लेखी मान्यता आली की तिची प्रत घेऊन फाइलीत लावा आणि सरकारी नोकरीतून आला असाल तर एक प्रत आस्थापना शाखेलाही पाठवा, नाहीतर अध्ययन रजेचा पगार तिथेच अडकतो.